वाढीचे वळ आणि ट्यूबचे वळ

तरुण मुलं अंगावरच्या वळांबद्दल आईला सांगत नाहीत आणि डॉक्टरकडेही जात नाहीत. ती मेडिकलमध्ये येतात. इचलकरंजीत आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी फार्मसीची पदवी घेऊन लग्न करून इथे आले आणि काउंटरवर उभी राहिले ती आजतागायत. ताप, पित्त, खोकला यांची औषधं लोक खणखणीत आवाजात मागतात. वळांचं औषध मागायला आलेला मुलगा मात्र कडेला उभा राहून मोबाइल बघत असतो. गिऱ्हाईक ओसरलं की पुढे येतो आणि तोच मोबाइल माझ्यासमोर धरतो. त्यात मांडीचा नाहीतर पाठीचा फोटो असतो. मुलगी असली तर ती मैत्रिणीला घेऊन येते आणि बोलण्याचं काम मैत्रीण करते, "काकी, हिला स्ट्रेच मार्क्सची ट्यूब पाहिजे."

त्या दोन मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथे सांगते. वळ दोन तऱ्हेचे असतात. एक वाढत्या वयात आपसूक उठणारे. त्यांनी काही बिघडत नाही आणि बहुतेकांना औषधही लागत नाही. दुसरे चुकीचं मलम लावून उठलेले. हे मुळात उठायलाच नकोत, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या भागात मला हेच जास्त दिसू लागलेत.

आधी वळ म्हणजे काय ते बघू. आपल्याला दिसते ती कातडीची वरची पातळ परत. तिच्याखाली दुसरी, जाड परत असते. कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू तिथे विणल्यासारखे पसरलेले असतात. कोलॅजनमुळे कातडीला बळकटी येते, इलॅस्टिनमुळे ती ताणून पुन्हा जागेवर जाते. मागांच्या आमच्या गावाला हे समजवायला सोपं जातं. मागावरचं कापड ताणात जरा जास्त ओढलं गेलं की ते फाटत नाही, पण एका पट्ट्यातले धागे सरकतात, काही तुटतात आणि तेवढी जागा विरविरीत होते. कातडीच्या खालच्या परतीत तसंच होतं. वरची परत शाबूत असते, म्हणून रक्त येत नाही, जखम होत नाही, दुखतही नाही. फक्त तेवढा पट्टा पातळ पडतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग वर दिसू लागतो.

सुरुवातीचे वळ म्हणूनच लालसर, जांभळट दिसतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते कधी तपकिरी, कधी काळपट जांभळेही असतात. हात फिरवला तर किंचित उंचवटा लागतो, थोडी खाजही येते. मग काही महिन्यांत, कुणाला वर्ष-दीड वर्षात, रंग उतरतो आणि वळ पांढरट, चमकदार, जरासे खोलगट होतात. लाल असताना तिथे दुरुस्तीची धडपड चालू असते; पांढरे झाले म्हणजे ती संपली, व्रण कायम झाला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपचारांच्या वेळी याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

हे संसर्गाने होत नाहीत. रक्त अशुद्ध झाल्याने होत नाहीत, उष्णतेने होत नाहीत. जाड माणसालाच होतात हेही खरं नाही. सडसडीत पोरापोरींना सर्रास होतात. वयात येताना उंची भराभर वाढते, मुलींचे नितंब, मांड्या, छाती भरतात, मुलांचे खांदे रुंदावतात, आणि त्याच काळात शरीरातल्या हार्मोनांची उलथापालथ चाललेली असते. हाडं, स्नायू, चरबी ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने कातडीला नवे तंतू विणता आले नाहीत, की वळ उठतात. आईला असतील तर मुलीला उठण्याची शक्यता जास्त. एकाच घरातल्या, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीला होतात आणि दुसरीला होत नाहीत, असंही असतं. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना ते खांद्याच्या पुढच्या बाजूला, काखेच्या वर उठतात, कारण तिथला स्नायू कातडीच्या मानाने लवकर फुगतो.

मुलग्यांच्या बाबतीत एक जागा पालकांनी मुद्दाम ओळखून ठेवावी, ती म्हणजे कंबरेच्या वर पाठीचा खालचा भाग. उंची झपाट्याने वाढली की तिथे एकाखाली एक असे आडवे पट्टे उठतात. अगदी वेताच्या छडीने मारल्यासारखे. असे पट्टे बघून मुलाला मारहाण झाली असावी असा डॉक्टरांचाही समज झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमच्याकडे एक बाई अशाच तणतणत आल्या होत्या, नववीतल्या मुलाचं मनगट धरून. त्यांना मारावर लावायचं मलम हवं होतं आणि क्लासच्या सरांना जाब विचारायला जायचं होतं. मुलगा रडवेला होऊन म्हणत होता, "आई, मला कुणी मारलं नाही गं." मी त्याला आत बोलावून पाठ बघितली. पाच-सहा जांभळट पट्टे, दोन्ही बाजूंना सारखे, कण्याला काटकोनात, कडा सरळ. दाबलं तरी दुखत नव्हतं. माराचा वळ असा एकसारखा, मापून दिल्यासारखा नसतो. तो काही दिवसांत हिरवा-पिवळा होतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. मी विचारलं, "याची शाळेची पँट कधी घेतली?" त्या म्हणाल्या, "जूनमध्ये. आता घोट्याच्या वर गेलीय." तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. तरी मी त्यांना डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हटलं, कारण निदान करणं हे माझं काम नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्या पोराला औषध काहीच लागलं नाही.

अशा वळांचं पुढे काय होतं? ते फिकट होतात. पूर्ण जात नाहीत, पण वीस-बावीस वर्षांच्या वयात बघणाऱ्याला शोधावे लागतात. वयात येणाऱ्या मुलीला हे आईने सांगितलं आणि स्वतःच्या पोटावरचे, मांडीवरचे वळ दाखवले, तर त्या मुलीची निम्मी काळजी तिथेच जाते. आमच्याकडे अजून आया हे बोलत नाहीत. "असू दे, लग्नानंतर बघू," म्हणतात, आणि मुलगी बिचारी पोहायला जाणं सोडते, गॅदरिंगच्या नाचात घागऱ्याखाली लेगिंग घालते.

आता दुसऱ्या तऱ्हेच्या वळांकडे येते.

आमच्या भागात पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं खूप आहेत. खेडोपाडी अकॅडमी निघाल्या आहेत. पहाटे पाचला रनिंग, मग लांब उडी, गोळाफेक, दुपारी लेखीचे क्लास, संध्याकाळी पुन्हा मैदान. अंगात नायलॉनची घट्ट शॉर्ट्स, ती घामाने भिजलेली, आणि तीच अंगावर वाळलेली. एका खोलीत आठ-दहा जण, दोरीवर एकमेकांचे टॉवेल. तालमीतल्या मुलांचं हेच, लंगोट ओला आणि अंगाला अंग लागतं. मागावर आणि सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये काम करणाऱ्यांचंही तेच, उकाडा आणि घाम. जांघेत गजकर्ण व्हायला आणखी काय लागतं? गोल चट्टा, कडेला लाल किनार, रात्री झोपू न देणारी खाज.

एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा असाच आला होता. खिशातून चपटी झालेली ट्यूब काढली. टूथपेस्टची ट्यूब शेवटी गुंडाळतात तशी ती तळापासून गुंडाळलेली होती, नावावरची अक्षरं घासून गेलेली.

"हीच द्या मॅडम."

"कुणी दिली ही तुला?"

"रूमवरच्या पोरानं. त्यो बी हीच लावतोय."

"किती दिवस लावतोस?"

"दिवाळीपासून. लावली की दोन दिसांत खाज बंद. सोडली की आठ दिसांत परत, आन् आदीपेक्षा लई."

तेव्हा उन्हाळा लागला होता. पण तो घाबरला होता तो खाजेने नव्हे, दुसऱ्याच कारणाने. जांघेपासून मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद, गडद जांभळे पट्टे उतरले होते. त्याला वाटत होतं शिरा फुटल्या. भरतीच्या मेडिकलमध्ये कपडे उतरवावे लागतील या धास्तीने त्याने घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

ती ट्यूब म्हणजे तीन औषधांची भेळ होती: बुरशीवरचं एक औषध, जंतूंवरचं एक प्रतिजैविक, आणि क्लोबेटासोल. सगळी मेख या तिसऱ्या नावात आहे. क्लोबेटासोल हे मलमांमधल्या सर्वांत जहाल स्टिरॉइडांपैकी एक. स्टिरॉइड बुरशी मारत नाही. ते शरीराची प्रतिक्रिया दाबतं, म्हणजे लाली, सूज, खाज. मुलाला वाटतं बरं झालं. प्रत्यक्षात पहारेकऱ्याला झोपवलेलं असतं आणि बुरशी कातडीत निवांत पसरत असते. मलम थांबवलं की ती दुप्पट जागेवर उठते, चट्ट्याचं रूप बदलतं, आणि नंतर बघणाऱ्या डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो.

त्याच वेळी स्टिरॉइड दुसरं एक काम करत असतं. कातडीत नवे तंतू तयार करणाऱ्या पेशींना ते मंद करतं. आठवडे, महिने हे चाललं की कातडी पातळ होत जाते आणि चालण्या-धावण्याचा रोजचा साधा ताणही तिला सोसत नाही. म्हणून हे वळ वाढीच्या वळांपेक्षा रुंद, गडद आणि खोल असतात. वाढीचे वळ फिकट होतात तितके हे होत नाहीत.

जांघेतच हे एवढं का होतं, याचं उत्तर आम्हाला फार्मसीच्या अभ्यासात शिकवलेलं आहे आणि मी ते काउंटरवर रोज वापरते. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी माणसाच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड लावून ते किती आत शिरतं ते मोजलं. हाताच्या कोपराखालच्या भागात शिरतं ते 1 धरलं, तर काखेत ते साडेतीन पटीहून जास्त, जबड्याच्या कोपऱ्यावर 13 पट आणि वृषणाच्या कातडीत 42 पट शिरत होतं. तळपायात मात्र जवळपास सातवा हिस्सा. म्हणजे पायाच्या भेगाळलेल्या, जाड झालेल्या कातडीवर डॉक्टरांनी शेजाऱ्याला दिलेलं मलम तुम्ही जांघेत लावलंत, तर ते तेच औषध राहत नाही. त्यातून जांघ घडी पडून बंद असते, वर घट्ट चड्डी, घाम. औषध आणखी मुरतं. आणि क्लोबेटासोलची ताकद त्या हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट.

स्टिरॉइडचं मलम वाईट असं मात्र कुणी समजू नये. 1952 साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे दाखवलं, तेव्हापासून इसबाच्या, सोरायसिसच्या असंख्य रोग्यांना या औषधाने सुखाची झोप दिली आहे. योग्य रोगावर, योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलं तर ते उत्तम औषध आहे. माझा राग आहे तो गजकर्णावर ते विकण्यावर आणि चिठ्ठीशिवाय विकण्यावर.

2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. त्याआधी अंगाला लावायच्या औषधांना त्या यादीतून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांची देशातली मोठी संघटना, आयएडीव्हीएल, ही पळवाट बंद करावी म्हणून वर्षानुवर्षं मागे लागली होती. नियमाप्रमाणे ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण खोलीतल्या पोराने दिलेल्या अर्ध्या ट्यूबला चिठ्ठी कोण मागणार? आणि खरं सांगायचं तर काउंटरवरही ती सगळीकडे मागितली जात नाही. मी नाही म्हटलं की मुलगा पुढच्या चौकात जातो. हे मला दरवेळी लागतं, कारण मला माहीत असतं की सहा महिन्यांनी तो काय दाखवायला येणार आहे.

म्हणून ट्यूब वाचायला शिका. खोक्यावर डाव्या कोपऱ्यात वर 'आरएक्स' असेल तर ते चिठ्ठीचं औषध. मग बारीक अक्षरांतली नावं बघा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडं. ल्युलिकोनाझोल, केटोकोनाझोल, सर्टाकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची. गजकर्णाच्या ट्यूबवर पहिल्या यादीतलं एकही नाव दिसलं, तर ती परत करा. चष्मा नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. आमच्याकडे येणारी आजीसुद्धा नातवाकडून हे करून घेते.

गजकर्णाचा उपचार आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही, हेही खरं. आपल्या देशात जी बुरशी माजली आहे तिला 2020 साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून ती त्यांच्या हाती आली होती. तिच्यातले अनेक प्रकार टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं, गोळ्या सांगितल्या असतील तर तेवढे आठवडे घेणं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस मलम लावत राहणं याला पर्याय नाही. चट्ट्याच्या कडेपलीकडे बोट-दीड बोट जागेवरही लावायचं. घरात, खोलीत आणखी कुणाला असेल तर त्यानेही त्याच वेळी उपचार घ्यायचे, नाहीतर टॉवेलवरून ते फिरत राहतं. कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात उलटे वाळवायचे. धावून आल्यावर ओली शॉर्ट्स लगेच बदलायची. अकॅडमी चालवणाऱ्यांनी एवढी एक सवय मुलांना लावली तरी पुष्कळ होईल.

चेहऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे, पण मूळ तेच. 'गोरं करणाऱ्या' ट्यूबांत मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. महिनोन्‌महिने लावल्याने चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लाल पडते, केस उगवतात, पुटकुळ्या येतात, आणि ट्यूब सोडली की आग होते. अशी ट्यूब लावत असाल तर थांबवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला भेटा, म्हणजे सोडतानाचा त्रास आवरता येईल.

गोळ्यांबद्दल मात्र जरा थांबून बोलते. बारीक मुलामुलींना 'अंगावर मांस यावं' म्हणून कुणीतरी पुडीत गोळ्या बांधून देतं. त्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडीन असतं. महिन्याभरात गाल वर येतात, आई खूश होते. मग पोटावर, दंडावर, मांड्यांवर बोटभर रुंद जांभळे वळ उठतात, तोंड गोल होतं, मानेमागे मांसाचा उंचवटा येतो, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, रक्तदाब आणि साखर वाढते. हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1932 साली ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याचीच ही लक्षणं. त्याच्या रुग्णांत शरीरच जादा कॉर्टिसॉल तयार करत होतं. इथे स्टिरॉइड पुडीतून दिलं जातं. अशा गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करून सोडवतात. दमा, संधिवात, किडनीचा विकार यासाठी डॉक्टरांनीच स्टिरॉइड दिलं असेल आणि वळ उठले असतील, तर तिथेही हेच लागू: डॉक्टरांशी बोला, पण औषध स्वतःहून बंद करू नका. व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतली जाणारी इंजेक्शनं वेगळ्या जातीची स्टिरॉइडं आहेत. त्यांनीही स्नायू इतके भरभर वाढतात की खांदे वळांनी भरून जातात, आणि त्यांचे बाकीचे दुष्परिणाम वळांपेक्षा कितीतरी गंभीर आहेत.

तरुण वयात वळ दिसले आणि त्यासोबत वर सांगितलेल्या लक्षणांपैकी काही असेल, पाळी अनियमित असेल, किंवा औषध काही न घेताच वजन एकदम वाढलं असेल, तर फिजिशियनकडे जा. वजन-उंचीत विशेष फरक नसताना वळ उठले आहेत, मुलगा घरातल्यांच्या मानाने फार उंच, हातापायांची बोटं लांबसडक, असं असेल तर डॉक्टर मारफन सिंड्रोम नाही ना हे बघतील. त्यात हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला धोका असतो, म्हणून हे बघून घेणं गरजेचं. बाकी बहुसंख्यांना या कशाचीच भीती नाही.

आता सगळे ज्यासाठी येतात तो प्रश्न: हे जातील का?

खोटं बोलून मला ट्यूब विकता येते, पण बोलत नाही. कुठल्याही उपचाराने वळ पुसून जात नाहीत. रंग उतरतो, रुंदी थोडी कमी होते, खोलगटपणा भरतो. एवढंच, आणि तेही वळ लाल असताना उपचार सुरू केले तर जास्त. म्हणून मांडीवर नवे लाल वळ दिसल्यावर वर्षभर तेल चोळत बसण्यापेक्षा त्या महिन्यातच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलेलं बरं.

तेलांचं सांगते. खोबरेल, बदाम, ऑलिव्ह, कोको बटर, आणि जाहिरातीतली महाग तेलं. गर्भवतींवर झालेल्या अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने 2012 साली एकत्र आढावा घेतला. त्यात 6 अभ्यास, 800 बाया होत्या. अशी मलमं-तेलं लावणाऱ्यांना आणि न लावणाऱ्यांना वळ उठण्यात ठोस फरक आढळला नाही. तेलाने कातडी मऊ राहते, खाज थांबते, ते जरूर लावा. पण घरातलं खोबरेल तेवढं काम करतं, आठशे रुपयांची बाटली नको. 'कोलॅजनयुक्त' क्रीमचंही तसंच. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो की वरून लावून तो खालच्या परतीत पोचतच नाही.

ट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या, लाल वळांवर 0.1 टक्क्याचं ट्रेटिनॉइन 24 आठवडे लावलं. वळांची लांबी सरासरी 14 टक्क्यांनी आणि रुंदी 8 टक्क्यांनी घटली; औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांचे वळ उलट वाढले. आकडे लहान आहेत, पण खरे आहेत. जुन्या पांढऱ्या वळांवर याचा फारसा उपयोग होत नाही. ते रात्री लावायचं, सुरुवातीला कातडी लाल होऊन सोलते, उन्हाचा त्रास वाढतो. गर्भवतींनी आणि दिवस राहण्याचा विचार असलेल्यांनी ते लावायचं नाही. लग्न ठरलेल्या मुलीही हे मागायला येतात, म्हणून मी हे दरवेळी स्पष्ट विचारते.

लेसरमध्ये लाल वळांसाठी पल्स्ड डाय लेसर वापरतात, पांढऱ्यांसाठी फ्रॅक्शनल लेसर. साधारण महिन्याच्या अंतराने बऱ्याच बैठका होतात आणि खर्च हजारांच्या घरात जातो. आपल्या सावळ्या वर्णाला लेसरनंतर त्या जागी काळे डाग पडण्याची भीती गोऱ्यांपेक्षा जास्त असते, म्हणून आपल्या रंगाच्या कातडीवर काम केलेला तज्ज्ञच निवडावा, आणि आधी लहानशा जागेवर करून बघायला सांगावं. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुयांनी खालच्या परतीला टोचून नवं कोलॅजन बनवायला लावतात. त्यात काळं पडण्याचा धोका तुलनेने कमी. पण ते दवाखान्यात, निर्जंतुक सुईने. ऑनलाइन मागवलेला रोलर घरी फिरवून, मैत्रिणींनी एकमेकींना वापरायला देऊन, मांडीवर पू झालेल्या मुली मी बघितल्या आहेत. आणि अंगावर कुठेही गजकर्ण चालू असताना यातलं काहीच करायचं नाही. आधी ते पूर्ण बरं होऊ द्या.

लग्नाआधी महिनाभरात 'काहीतरी करा' म्हणून येणाऱ्यांना मी लेसरच्या नादी लागू नका असंच सांगते. एवढ्या दिवसांत फरक पडत नाही, आणि डाग पडला तर तो लग्नातच दिसतो. मांडीवरच्या वळांसाठी वडिलांना कर्ज काढायला लावावं असं तर यात काहीही नाही.

त्या भरतीच्या मुलाला मी ट्यूब दिली नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. तो गेला, तीन महिने औषधं घेतली, गजकर्ण गेलं. पट्टे आहेत, जांभळ्याचे तपकिरी झालेत. मैदानावर तो रोज असतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं होतं की आजवर काय काय लावलंस, आणि त्याला एकही नाव सांगता आलं नव्हतं. तो पुन्हा खोलीवर जाऊन गादीखालच्या सगळ्या ट्यूबा घेऊन गेला. तुम्हीही जाताना तसंच करा. लावलेल्या ट्यूबा, घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. पुडीतल्या सुट्या गोळ्या असतील तर त्यातल्या दोन शिल्लक ठेवून दाखवा, आणि कधीपासून, दिवसातून किती वेळा, कुठे कुठे, हे कागदावर लिहून न्या.